गब्बूचा घास

सोमवार, ३ तारीख

मुलांचे डॉक्टर म्हणाले, "दिवसभरात मुलगा काय काय खातो ते लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी घेऊन या." म्हणून ही डायरी काढली. लिहितो. सकाळी अर्धा कप दूध. दुपारी त्याच्या आईच्या हातून कुस्करलेलं केळं, थोडंसं. संध्याकाळी माझ्या हातून काही नाही. झालं लिहून. एवढं मोठं पान आणि त्यावर एवढंच. कोरी जागा बघवेना, म्हणून पुढचं माझं मी लिहितोय. डॉक्टरांना दाखवायचं ते वेगळ्या कागदावर उतरवून नेईन.

जन्मला तेव्हा गालांमुळे डोळे दिसत नव्हते, म्हणून मीच त्याला गब्बू म्हणायला लागलो. आता दीड वर्षाचा आहे आणि बाहेर कुठे गब्बू म्हणून हाक मारली की लोक आधी त्याच्याकडे बघतात आणि मग माझ्याकडे. आपल्याच पोराची चेष्टा करणारा बाप वाटत असेन.

डॉक्टरांनी आज वजनाचा तक्ता पुढे सरकवला. त्यावर एक रेघ वर चढत जाते, ती सगळ्यांच्या मुलांची. तिच्याखाली गब्बूची. बरेच दिवस ती आडवी चालली होती, आता खाली वळली आहे. "महिनाभर बघू," ते म्हणाले. "वजन वाढलं नाही तर नाकातून नळी घालून पोटात दूध द्यावं लागेल." बायकोने विचारलं, किती दिवस. ते म्हणाले, "तोंडाने खायला लागेपर्यंत."

बुधवार, ५ तारीख

माझं काम कवळ्या करण्याचं. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात. आम्ही त्यावरून प्लास्टरचा जबडा ओततो, मेणात दात बसवतो, मग पावडर आणि लिक्विड कालवून गुलाबी हिरडी तयार करतो. ज्यांच्या तोंडात औषधाला दात उरलेला नाही अशी माणसं माझ्या जिवावर गाजरं चावतात. आणि ज्याला दात फुकटात मिळाले तो माझा मुलगा तोंड उघडत नाही. मालक म्हणतात, "सगळ्या गावाची तोंडं चालती केलीस, घरचंच बंद पडलं." ते वाईट हेतूने बोलत नाहीत, पण दिवसभर माझ्या डोक्यात तेच होतं.

आज हिशेबाला नवीन बाई आल्या. दुपारपर्यंत लिक्विडच्या वासाने त्यांचं डोकं धरलं, जिन्यात जाऊन बसल्या. मालक म्हणाले, "महिनाभर कळ काढा, मग नाकच मरतं." खरंच आहे. मला तो वास येईनासा होऊन कितीतरी वर्षं झाली. बसमध्येसुद्धा माझ्या शेजारची जागा बहुधा रिकामीच राहते, ते एक बरं आहे. पाय पसरून बसता येतं.

पाचला मी दारात पाऊल टाकतो आणि बायको चपला घालते. तिची टेलिफोनवरची ड्यूटी सहाला सुरू होते. दारातच पोर तिच्या हातातून माझ्या हातात येतं, मी त्याला तसाच घेऊन खुर्चीत बसवतो आणि वाटी पुढे ओढतो. उशीर झाला तर त्याला झोप येते, म्हणून वेळ दवडत नाही. आज गाजर आणि बटाटा. चमचा अजून हातभर लांब होता, तेव्हाच त्याने मान फिरवली. वाटीत काय आहे ते बघितलंसुद्धा नाही.

शनिवार, ८ तारीख

कवळी टोचते अशी तक्रार आली की मी विचारतो कुठे, आणि तेवढंच घासतो. पुन्हा टोचली की पुन्हा घासतो. माणूस खूश होईपर्यंत घासत राहायचं, हे मला येतं. गब्बूच्या खाण्याचंही मी तेच केलं आहे. गुठळी लागली म्हणून गाळलं. मग बारीक गाळणीतून. मग फडक्यातून. आता त्याच्या वाटीत जे असतं ते भिंतीला लावता येईल. बायको म्हणाली, "अरे, हे खायचं आहे की प्यायचं?" मी म्हटलं, टोचायला काही उरलं नाही ना, मग तक्रार कसली. तिने बोट बुडवून चाखलं आणि म्हणाली, "मीसुद्धा नाही खाणार हे."

ती बाजूला झाल्यावर मीही चाखलं. मला काही वाईट वाटलं नाही. खरं तर मला कशाचीच चव फारशी कळत नाही.

मंगळवार, ११ तारीख

सासूबाई राहायला आल्या आहेत. आल्या आल्या त्यांनी सगळ्या खिडक्या उघडल्या. "जावईबापू, तुमच्या घरात कसला तरी उग्र वास येतो बघा." मी न्हाणीघराची मोरी तपासली, जाळी काढून घासली. त्या म्हणाल्या, सकाळी येत नव्हता, आता येतोय. मोरीचं असंच असतं, मी म्हटलं, संध्याकाळी सगळ्या बिल्डिंगचं पाणी येतं.

गब्बूला भरवणं म्हणजे आता घरात नाटक झालं आहे. सासूबाई डोक्यावर पातेलं घालून नाचतात, मी छत्री उघडतो आणि मिटतो, तो हसला की तोंड उघडतं आणि तेवढ्यात चमचा आत. आज छत्री तीनदा उघडली. तो खदखदून हसला, पण हसताना दात घट्ट मिटून कसं हसायचं ते तो शिकला आहे. सासूबाई पातेलं उतरवून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "हा तुमच्यावर गेलाय." एरवी मी हसलो असतो.

सोमवार, १७ तारीख

काल सुट्टी होती. शनिवारी मालकांनी अर्धा दिवस दिला होता, त्यामुळे दीड दिवस घरातच होतो. बायको झोपली होती, म्हणून मीच दुपारी वाटी घेऊन बसलो. गब्बूने चमचा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि घेतलं. परत घेतलं. वाटीचा तळ दिसायला लागला. मी श्वास रोखून होतो. बायकोला उठवायला गेलो असतो तर सगळं बिघडलं असतं, म्हणून एकटाच आनंद केला.

आज कामावर दिवसभर हिरड्या ओतताना मी शीळ घालत होतो. पाचला आलो, धावतच वाटी भरली, तेच खाणं, तोच चमचा. मान फिरवली. मी दुसऱ्या बाजूने गेलो तर त्याने दोन्ही हात तोंडावर धरले. मला वाटतं दुपारची झोप चांगली झाली की तो खातो. उद्यापासून बायकोला सांगायचं की त्याला जास्त वेळ झोपवत जा. ती म्हणेल, मुलगा काय माझ्या सांगण्याने झोपतो का.

तिच्या हातून दुपारी थोडं का होईना जातं. मला हे लिहायला लाज वाटते, पण मी त्याचा नावडता आहे.

गुरुवार, २० तारीख

आज वाईट झालं. डॉक्टरांची तारीख जवळ येतेय आणि घरच्या काट्यावर आकडा हलत नाही. मी त्याला कोपराच्या घडीत धरलं, दुसऱ्या हाताने गालांवर दाब दिला आणि तोंड उघडल्यावर चमचा घातला. गेला. मी म्हटलं, जमलं. दुसरा घातला. त्यानंतर त्याने दुपारच्या खाण्यासकट सगळं माझ्या शर्टावर काढलं, आणि निळा पडेपर्यंत रडला.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या मला काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त त्याला माझ्या हातातून घेतलं. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसलो. रडलो, हे लिहून टाकतो. इतक्या लोकांची तोंडं मला कळतात, याचं का कळत नाही?

शनिवार, २२ तारीख

आता तो चमचा दिसला तरी खोलीतून निघून जातो, मग तो कोणाच्याही हातात असो. बायकोकडूनही खायचा, ते गेलं. हे माझ्यामुळे झालं, हे ती बोलली नाही, पण कपडे वाळत घालताना तिने चिमटे इतक्या जोरात लावले की दोन तुटले.

मी मागे त्याला खेळायला एक टवका उडालेला प्लास्टरचा जबडा आणून दिला होता. वरचा आणि खालचा बिजागरीवर बसवलेला, उघडतो आणि मिटतो. आज तो कोपऱ्यात त्या जबड्याला भरवत बसला होता. मला आधी हसू आलं. मग दिसलं, की त्याने जबडा कोपराच्या घडीत धरला आहे. दुसऱ्या हाताने दाबून उघडला, रिकामा चमचा आत घातला आणि म्हणाला, "आ. आ कल." त्याला बोलता येतात ते शब्द बोटांवर मोजण्याइतके, त्यातला हा एक. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. काय छापलं होतं देव जाणे.

बुधवार, २६ तारीख

डॉक्टरांनी एका बाईंकडे पाठवलं. त्या न खाणाऱ्या मुलांनाच बघतात. घरी आम्ही त्यांना चमचेवाल्या बाई म्हणतो, कारण त्यांच्याकडे नाना तऱ्हेचे चमचे आहेत आणि त्यांनी त्यातला एकही वापरला नाही. गब्बूपुढे ताटलीत बटाट्याचे तुकडे टाकले आणि आमच्याशीच बोलत बसल्या. तो तुकडे चिवडत होता. मी दोनदा उठलो, दोनदा त्यांनी मला बसवलं.

"इतकं गुळगुळीत का करता?" त्यांनी विचारलं. मी कवळीचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कवळी माणसाला बसवायची असते. याला अजून चावायला शिकायचं आहे. काही लागलंच नाही तर तो शिकणार कशावर?" मग म्हणाल्या, "जबरदस्ती पूर्ण बंद. त्याने नको म्हटलं की तुम्ही म्हणायचं, नको? बरं. आणि ताटली उचलायची." मी म्हटलं, "बाई, असं बरं बरं म्हणत राहिलो तर पोर उपाशी जाईल." त्या म्हणाल्या, "आत्ता काय होतंय?"

निघताना त्यांनी आणखी एक विचारलं. याचं नाक तीक्ष्ण आहे का? काही मुलांना वासाचा फार त्रास होतो, तोंडाशी यायच्या आधीच नको होतं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. हे कधी मनात आलंच नव्हतं.

शुक्रवार, २८ तारीख

दोन दिवस मी वासांच्या मागे आहे. फोडणी बंद. कांदा बंद. फरशी पुसायचं औषध बदललं, बिनवासाचा साबण आणला. बायकोचं डोक्याचं तेल कपाटात कुलपात. सासूबाई गुडघ्यांना मलम लावायच्या, त्यांना म्हटलं, बाहेर जाऊन लावा. त्या म्हणाल्या, "म्हणजे आता मीच निघते," आणि दुपारी खरोखरच निघाल्या. मला वाईट वाटलं, पण पोरापुढे इलाज नाही. बिछान्यातल्या उशा उन्हात टाकल्या. शेजाऱ्यांना सांगून आलो की मासे तळताना खिडकी लावून घ्या. ते म्हणाले, आम्ही मासे खातच नाही.

एवढं करून आज पाचला आलो. तसाच त्याच्याजवळ बसलो, चमचा न घेता, बाईंनी सांगितल्याप्रमाणे नुसता बोटावर केळ्याचा तुकडा पुढे केला. त्याने माझ्या बोटाकडे तोंड आणलं, थबकला आणि कपाळाला आठ्या घालून मागे सरकला. "नको? बरं," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते धमकीसारखं निघालं. घरात कसला म्हणून वास ठेवला नाही, तरी हे. मी हात टेकले.

मंगळवार, २ तारीख

वजन आणखी उतरलं. नळी.

गुरुवार, ४ तारीख

दवाखान्यातून लिहितोय. नर्सबाई म्हणाल्या, कोणीतरी घट्ट धरा. बायकोला जमेना, म्हणून मी धरलं. कोपराच्या घडीत, डोकं छातीशी. मला सवय आहे ना. नळी आत जाताना तो माझ्याकडेच बघत होता, कारण दुसरीकडे बघायला मी जागाच ठेवली नव्हती. मग गालावर चिकटपट्टी लावली आणि नर्सबाई म्हणाल्या, "झालं राजा." त्याने रडत रडत माझ्याच शर्टाला धरलं. अशा वेळी माझ्याकडे का वळावं त्याने, ते मला कळत नाही.

डॉक्टर म्हणाले, तोंडाने थोडं थोडं घ्यायला लागला तर महिन्याभराने नळी काढायचा विचार करू. नाही लागला तर पोटालाच छिद्र करून कायमची सोय करावी लागेल. "कायमची" हा शब्द त्यांनी पेन खिशाला लावता लावता म्हटला.

मालकांकडून एकवीस तारखेपर्यंत रजा घेतली. नळीतून दूध कसं द्यायचं ते आम्हा दोघांना शिकायचं आहे.

मंगळवार, ९ तारीख

मोठ्या सिरिंजमध्ये दूध ओतायचं, वर धरायचं, ते आपोआप खाली उतरतं. तो तेव्हा खेळत असतो. त्याला कळतसुद्धा नाही की तो जेवला. मी सिरिंज धरून उभा असतो आणि एखाद्या दिव्याचा खांब असल्यासारखं वाटतं. पोट भरतंय, गालांवर रंग आलाय, आणि मला आनंद व्हायला हवा. होत नाही. माझ्या हातून त्याने काहीच घेतलेलं नाही.

भरवायचं नाही म्हटल्यावर संध्याकाळचं काय करायचं तेही कळेना. आम्ही जमिनीवर बसतो. तो जबडा उघडतो, मी मिटतो.

शनिवार, १३ तारीख

बायको आणि मी एकत्र जेवायला बसलो. तिला नोकरी लागल्यापासून असं सुट्टीच्या दिवशीच होतं. गब्बू माझ्या मांडीत येऊन बसला, आपणहून. मी उकडलेला बटाटा खात होतो. त्याने माझ्या ताटात हात घातला, बटाटा मुठीत चिरडला आणि माझ्या पायजम्याला पुसला. आम्ही बाईंच्या हुकमाप्रमाणे न बघितल्यासारखं केलं. बायको छताकडे बघून जेवत होती, तिचा घास दोनदा नाकाला लागला.

जेवण झाल्यावर तो जबड्याकडे गेला. चमचा पुढे केला. जबडा मिटलेलाच. थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "नको? बलं." आणि चमचा खाली ठेवला. कोणीही दाबलं नाही, कोणी धरलं नाही. मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. शेजारचे काका म्हणाले, सगळं ठीक ना? मी म्हटलं, हो, जबडा जेवला नाही.

बुधवार, १७ तारीख

चाटलं.

नीट लिहितो. मी बटाटा खात होतो, तो मांडीत होता. माझ्या बोटाला बटाटा लागला होता. त्याने माझं बोट धरलं, डोळ्यांजवळ नेलं, नाकाजवळ नेलं. मी पुतळा झालो होतो. मग त्याने ते चाटलं. चेहरा वेडावाकडा केला, पण तोंड फिरवलं नाही. परत बोट मागितलं. मी पुन्हा बटाट्यात बुडवलं, त्याने पुन्हा चाटलं, आणि तिसऱ्यांदा एक छोटी गुठळी दातांनी ओढून घेतली आणि चावली. माझ्या मुलाने चावलं. कवळीवाल्याच्या घरात आज पहिल्यांदा कोणीतरी फुकटच्या दातांनी काही खाल्लं.

बायको तोंडात पदर धरून रडत होती. बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "छान. आता काही बदलू नका." काय बदलणार? आमच्याकडे बदलण्यासारखं काही उरलेलंच नाही.

शनिवार, २० तारीख

रोज खातोय, माझ्या बोटावरून. काल केळं, आज अंड्याचा पिवळा बलक. बायकोच्या हातूनही घेतो, पण आधी माझ्याकडे येतो. हे मी दोनदा लिहू शकतो. आधी माझ्याकडे येतो.

रविवार, २१ तारीख

उद्यापासून कामावर. मालकांचा फोन आला होता, कवळ्या साठून राहिल्या आहेत आणि म्हातारी माणसं उपाशी बसली आहेत. मी बायकोला सगळं आखून दिलं आहे. पाचला आलो की एक क्षणही घालवायचा नाही, हातपायसुद्धा नंतर धुवायचे. दारातूनच गब्बूला घ्यायचं, थेट मांडीत बसवायचं आणि बोट पुढे करायचं, म्हणजे त्याची सवय तुटायला नको.

कामाचा ॲप्रन दोन आठवडे पिशवीत गाठ मारून दारामागे टांगलेला होता. बायकोने तो काढला. गब्बू तिच्या कडेवर होता. त्याने एकदम मान फिरवली आणि तिच्या खांद्यात तोंड खुपसलं. बाबा उद्यापासून दिवसभर दिसणार नाही, हे त्याला कळलं असावं. इतक्या लहान पोरालाही कळतं.

मी म्हटलं, "धुवायला टाक, मळलाय." ती हलली नाही. ॲप्रन नाकाशी धरून तशीच उभी होती. मग जवळ आली, माझा हात उचलला, वळवून बोटांचा वास घेतला, पुन्हा ॲप्रनचा घेतला आणि पुन्हा माझ्या हाताचा. तिचे डोळे भरून आले होते. लग्नाला आठ वर्षं झाली, तिने माझा हात असा नाकाशी कधी धरला नव्हता. या दोन आठवड्यांत आम्ही एकमेकांच्या किती जवळ आलो ते तिलाही आज जाणवलं असेल.

मी काही विचारलं नाही. अशा वेळी विचारू नये, एवढं मला कळतं.